शरीराची वहिवाट

ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेला सर्जन नातेवाइकांना सांगतो, "आम्ही आमचं केलं, बाकी त्याच्या हातात," आणि वर बोट दाखवतो. त्या बोटाशी माझं भांडण नाही. बाकड्यावर रात्रभर ताटकळलेल्या माणसाला त्या घटकेला तेवढाच धीर पुरतो, आणि आपल्या हाताबाहेर किती काय असतं हे डॉक्टरइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? भांडण सुरू होतं ते तेच बोट व्याख्यानाच्या पडद्याकडे वळलं की. ठाण्यात आरोग्यावरची व्याख्यानं काही कमी होत नाहीत. सोसायटीचं क्लबहाउस, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचा हॉल, कुठेही. गुडघे, साखर, हृदय असं सगळं यथासांग होतं आणि शेवटी दोन स्लाइड येतात. शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी, दिवसाला हृदयाचे लाखभर ठोके, एकेका पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा डीएनए. "आता मला सांगा, हे आपोआप झालं असेल? याच्यामागे कुणीतरी इंजिनिअर असणारच." टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होतं, लोक चहाकडे वळतात.

मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे ही स्लाइड मला खुर्चीत स्वस्थ बसू देत नाही. देव मानणं ही ज्याची त्याची गोष्ट. पण "देहरचनेवरून निर्माता सिद्ध होतो" हे विधान श्रद्धेचं उरत नाही, ते पुराव्याचं होतं, आणि पुरावा म्हटला की तो उलटून पालटून बघायचा हक्क श्रोत्यांना मिळतो. शरीर अफाट गुंतागुंतीचं आहे हे कुणी नाकारत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की ही गुंतागुंत कुठल्या जातीची आहे. आधी आखून मग उभारलेल्या गोष्टीची, की आधीच्यावर पुढचं चढत गेलेल्या गोष्टीची? त्या दोन्हींच्या खुणा वेगवेगळ्या असतात आणि त्या ओळखता येतात.

हा युक्तिवाद साहेबानं आणला असंही समजायला नको. विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूनं १८०२ साली माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला आणि तो जगभर गाजला. पण त्याच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हीच मांडणी अधिक काटेकोरपणे केली होती. घडा हे कार्य आहे, म्हणजे घडवलेली वस्तू, त्याला कुंभार लागतो. पृथ्वी, अंकुर हीसुद्धा कार्यंच, मग त्यांनाही कर्ता हवा. गंमत म्हणजे याला दिलेलं सगळ्यात खोचक उत्तर उदयनांच्याही आधीचं आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध पंडितानं नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारलं होतं की मातीचा घडा कुंभार करतो, एवढ्यावरून मातीची प्रत्येक घडण कुंभाराची ठरवायची असेल, तर मग वारूळही कुंभारानंच केलं म्हणायचं का?

यात फार मोठी गोष्ट सांगितली आहे. घड्यामागे कुंभार आहे हे आपण घड्याच्या सुबकपणावरून ओळखत नाही, कुंभार पाहिलेला असतो म्हणून ओळखतो. वारूळही सुबक असतं. येऊरच्या वाटेवर एखादं नीट बघा. आत बोगदे, अळंबीच्या बागा, हवा खेळती राहण्याची सोय. आणि एकाही वाळवीच्या डोक्यात त्याचा नकाशा नसतो. प्रत्येक वाळवी शेजारणीच्या मातीच्या गोळीवर आपली गोळी ठेवते आणि त्यातून हे उभं राहतं. सुबकपणा दिसला की कारागीर असलाच पाहिजे, ही साखळी तेराशे वर्षांपूर्वीच तुटली होती. आपण मात्र ती दर व्याख्यानात नव्यानं जोडून घेतो.

पण तर्कापेक्षा मला शरीर जास्त पटतं, म्हणून शरीराकडेच येते.

आमच्या मजल्यावर एक अण्णा आहेत. भजनी मंडळात त्यांचा आवाज पुढे असतो. मध्यंतरी त्यांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, मुलानं एसीला दोष देऊन झाला. आवाज काही सुटेना. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर डावी स्वरतंतूची पट्टी हलतच नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिला तो छातीचा सीटी स्कॅन. अण्णा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. "बाई, आवाज गळ्यात आणि फोटो छातीचा? हा काय प्रकार? कट-प्रॅक्टिस तर नव्हे?" मी म्हटलं, "नाही हो अण्णा, डॉक्टर हुशार आहेत, आजच जाऊन या." स्कॅनमध्ये हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला फुगा आलेला दिसला. त्यावर पुढे उपचार झाले. आवाज पूर्वीसारखा नाही, पण हरिपाठाला पुरतो.

छातीतल्या धमनीच्या फुग्यानं गळ्यातला आवाज कसा जातो? मेंदूतून निघालेला व्हेगस हा मज्जातंतू मानेतून खाली येतो. स्वरयंत्र वाटेतच, बोटभर अंतरावर असतं. तिथं त्याची एक शाखा सरळ जाऊ शकली असती. प्रत्यक्षात स्वरयंत्राचे बहुतेक स्नायू हलवणारी शाखा डाव्या बाजूला स्वरयंत्र मागे टाकून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेनं पुन्हा गळ्यापर्यंत वर चढते. कमानीला फुगा आला किंवा तिथं गाठ झाली की तंतू दाबला जातो आणि माणूस घोगरा होतो. जिराफातही हा तंतू असाच जातो. मान तेवढी लांब, म्हणून वळसा काही मीटरचा.

इंजिनिअरकडून आराखडा मागवला आणि त्यात ही वायर अशी निघाली, तर आपण त्याला बोलावून विचारू. उत्क्रांतीला मात्र विचारावं लागत नाही, ती आपणहून सांगते. माशाला मान नसते. त्याच्या घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी असतात, त्यांतून कल्ले होतात, आणि व्हेगसच्या शाखा त्या कमानींकडे, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या मागून, जवळच्या वाटेनं जातात. आपला गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्यालाही अशाच कमानी असतात आणि हृदय जवळपास हनुवटीखाली असतं. तंतू तेव्हा जवळच्याच वाटेनं जातो. मग मान लांबते, हृदय छातीत उतरतं, त्या कमानीतली रक्तवाहिनी खाली ओढली जाते आणि तिच्या मागून गेलेला तंतू तिच्याबरोबर फरफटत खाली येतो. उजव्या बाजूला खालच्या कमानींतल्या रक्तवाहिन्या विरून जातात, म्हणून तिथला तंतू एवढा खाली येत नाही, हाताकडे जाणाऱ्या धमनीलाच वळसा घालून परत फिरतो. दोन बाजूंचा हा फरकही त्याच गोष्टीनं उलगडतो.

यावर कुणी म्हणेल की त्या वळशाचा काहीतरी उपयोग असेल, वाटेत तो तंतू इतर अवयवांनाही फांद्या देतो. देतो खरा. पण फार थोड्या लोकांत उजव्या हाताची धमनी जन्मतःच वेगळ्या जागेहून निघते. मग तंतूला अडकायला काही उरत नाही आणि तो सरळ गळ्यातच जातो. थायरॉइडचे सर्जन अशा रुग्णांना वचकून असतात, कारण तंतू नेहमीच्या जागी सापडत नाही आणि चुकून कापला जायची भीती असते. ती माणसं अगदी व्यवस्थित बोलतात, गातात.

ठाण्यात राहणाऱ्याला गुंतागुंतीची ही जात ओळखीची वाटायला हवी. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, स्टेशन झालं, आणि मग गाव स्टेशनाकडे तोंड करून वाढत गेलं. जांभळी नाक्याकडच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, त्यांतून आज रिक्षा आणि टेम्पो जातात. स्टेशनाबाहेरचा रस्ता रुंद करता येईना, म्हणून त्याच्या डोक्यावर सॅटिस या वाहतूक सुधारणा योजनेचा पूल घातला. कळव्याच्या खाडीवर जुन्या पुलाशेजारी नवा, नव्याशेजारी आणखी नवा. ठाणं-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा तिला मिळाले ते पार कडेचे फलाट, आणि आपण पुलावरून धावत सुटलो. कुठलीच गोष्ट मूर्खपणाची नाही. प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी, होतं ते चालू ठेवून केलेली आहे. खाडी ओलांडून वाशी-नेरुळला जा. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, आधी कागदावर नोड म्हणजे उपनगरं आली, सेक्टर आले, मग रस्ते. तिथंही नकाशाची रेघ जिथं वाकडी होते, तिथं जवळपास एखादं गावठाण सापडतं, म्हणजे नकाशाच्या आधीपासूनचं काहीतरी. दोन्ही शहरांचे नकाशे एखाद्या परक्या माणसापुढे, नावं खोडून, ठेवले तरी कुठलं आखलेलं आणि कुठलं वहिवाटीनं वाढलेलं हे तो सांगेल. शरीराचा नकाशा ठाण्याचा आहे. उपमा इथवरच ताणायची, कारण ठाण्याची प्रत्येक वीट शेवटी कुणीतरी विचार करून ठेवलेली आहे. शरीरात तेवढाही विचार लागलेला नाही, छोटे बदल आणि त्यांतले टिकणारे, एवढ्यावर भागलं.

इथं माझ्या विवेकवादी मित्रांशीही मला वाद घालायचा आहे. ते शरीरातल्या उणिवांची यादी वाचतात. मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधून नेला, गालातल्या सायनसचं भोक वरच्या बाजूला ठेवलं, बाळाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद. आणि मग विचारतात, असला कसला तुमचा इंजिनिअर? टाळी मिळते. तलावपाळीला सकाळी फिरणारे ज्येष्ठ तर प्रोस्टेटच्या उल्लेखावर मनापासून माना डोलावतात. पण युक्तिवाद म्हणून हे लंगडं आहे. वाईट इंजिनिअरही इंजिनिअरच. शिवाय आज जे वाईट वाटतं त्याचा उपयोग उद्या सापडू शकतो, आणि मग आपली फजिती.

डोळ्याचंच बघा. आपल्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागे, आणि त्यांच्या वायरी पुढे, प्रकाशाच्या वाटेत. त्या वायरींना गोळा होऊन मेंदूकडे जायचं तर पटलाला भोक पाडूनच जावं लागतं, आणि त्या जागी आपल्याला काहीच दिसत नाही. कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठेक सेंटिमीटरवर एक ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्यानं फुलीकडे बघत कागद फूटभर अंतरावरून थोडा पुढे-मागे करा. एका जागी ठिपका चक्क नाहीसा होतो. "उलटा बसवलेला पडदा" म्हणून याची वर्षानुवर्षं थट्टा झाली. पुढे संशोधकांनी दाखवलं की पटलातच आरपार उभ्या असलेल्या म्यूलर पेशी त्या वायरींच्या गर्दीतून प्रकाश आरपार मागे नेतात. मागचा रंगद्रव्याचा थर प्रकाशपेशींची देखभाल करतो, त्याला त्या चिकटून असणं सोयीचंही आहे. म्हणजे थट्टा अर्धी फसली. पण बोलायचा मुद्दा वेगळाच आहे. ऑक्टोपसचा डोळाही भिंगाचा, पडद्याचा, आपल्याइतकाच कसबी, पण त्याच्या वायरी मागून निघतात आणि त्याला आंधळा बिंदू नाही. उलट्या पडद्याची पद्धत पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत आहे, मासा, बेडूक, कावळा, आपण. कुणाला तीक्ष्ण नजर हवी आणि कुणाला नको, यावर ती ठरत नाही. कोण कुणाच्या कुळातला, यावर ठरते. चांगलं-वाईट हा वाद सोडून द्या, कुळ बघा.

अमेरिकेत याच मतानं गेल्या शतकाच्या अखेरीस 'इंटेलिजंट डिझाइन' असं नवं नाव घेतलं. मायकेल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये त्याला शास्त्रीय वाटेल असा आकार दिला. त्याचं म्हणणं असं की काही यंत्रणांतला एक भाग काढला तरी सगळं ठप्प होतं. अर्धवट यंत्रणेचा उपयोग शून्य, मग ती टप्प्याटप्प्यानं घडेल कशी? वरवर बिनतोड वाटतं. त्याची आवडती उदाहरणं दोन, रक्त गोठण्याची साखळी आणि जिवाणूंची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम.

रक्ताच्या साखळीत बाराव्या क्रमांकाचा घटक जन्मतःच नसलेली माणसं असतात. ऑपरेशनच्या आधी त्यांचा एपीटीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट भलताच लांबलेला येतो, भूलतज्ज्ञ बुचकळ्यात पडतो, आणि पेशंटला रक्तस्राव काही होत नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात तर तो घटक नसतोच, त्यांचं रक्त नीट गोठतं. एक कडी काढल्यावर साखळी तुटली नाही. शेपटीची गोष्ट त्याहून मजेशीर. पावसाळ्यात ताप आला की आपण विडाल टेस्ट करतो. रिपोर्टवर 'टायफी ओ' आणि 'टायफी एच' असे दोन आकडे येतात, त्यातला 'एच' म्हणजे टायफॉइडच्या जिवाणूच्या याच शेपटीविरुद्ध आपल्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं. निर्मात्याची सही म्हणून जे यंत्र अमेरिकेत पडद्यावर झळकतं, ते आपण नाक्यावरच्या लॅबमध्ये पैसे मोजून शोधतो आणि सापडलं की अँटिबायोटिक घेतो! त्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांशी नातं सांगणारी प्रथिनं हेच जिवाणू दुसऱ्या एका यंत्रणेत वापरतात, आपल्या पेशीत विषारी द्रव्य टोचण्यासाठी. म्हणजे 'अर्धवट' शेपटी निरुपयोगी नसते, तिला वेगळं काम असू शकतं.

माणसाच्या शरीरात याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कानात आहे. मधल्या कानात तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. एक काढलं की ऐकू येणं बरंचसं गेलंच, बीहीच्या व्याख्येत चपखल बसतं. आणि ही हाडं कुठून आली ते आपल्याला नेमकं ठाऊक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, तीच आपली हातोडी आणि ऐरण. १८३७ साली, डार्विनचं पुस्तक यायच्या बावीस वर्षं आधी, रायकर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं गर्भांचा अभ्यास करून हे ओळखलं. आपल्या गर्भात हातोडी खालच्या जबड्याच्या कूर्चेला जोडलेलीच तयार होते आणि नंतर सुटते. मग प्रश्न आला की सांध्यातली हाडं कानात जाईपर्यंत त्या प्राण्यांनी खाल्लं कसं? उत्तर खडकांत मिळालं. जबड्याला जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच वेळी असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले. नवा सांधा भार घेऊ लागला, जुन्या हाडांवरचा भार कमी झाला आणि ती थरथर पोचवण्याच्या कामी राहिली. हे काम ती आधीही थोडंफार करत होतीच. एक भाग काढला की यंत्र बंद पडतं हे आजच्या कानाबद्दल खरं आहे. कालच्या कानाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

या सगळ्याचा निवाडा कोर्टातही झाला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळानं नववीच्या मुलांना इंटेलिजंट डिझाइनची शिफारस वाचून दाखवायचं ठरवलं. अकरा पालक कोर्टात गेले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे विज्ञान नाही, धर्माचा प्रचार आहे असा निकाल दिला. जोन्स यांची नेमणूक जॉर्ज बुश यांच्या काळातली, त्यामुळे डाव्यांचं कारस्थान म्हणायचीही सोय राहिली नाही. उलटतपासणीत बीहीला कबूल करावं लागलं की विज्ञानाची त्याची व्याख्या घेतली तर त्यात ज्योतिषही बसेल. आपल्याकडे याचा किती जणांना आनंद होईल, हा वेगळा विषय.

राहिला 'आपोआप' हा शब्द. व्याख्यानातली खरी मेख तिथं आहे. आपोआप म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे लॉटरी येते. बदल होतो तो योगायोगानं हे खरं, पण टिकतो तो योगायोगानं नाही. ज्याला किंचित बरं दिसतं तो किंचित जास्त जगतो, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या साचत जातं. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या दोघांनी हिशोब मांडला होता. प्रकाश कळणाऱ्या पेशींच्या सपाट ठिगळापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत, दर पायरीला एक टक्का फरक आणि अंदाज मुद्दाम सावध, तरी ३,६४,००० पिढ्यांच्या आत. हा कागदावरचा नमुना आहे, इतिहास नाही, पण 'अशक्य' हा शब्द मागे घ्यायला पुरेसा आहे. पहिला जीव कसा झाला याचं पूर्ण उत्तर मात्र विज्ञानाकडे आज नाही, ते नाही असंच सांगावं. उत्तर नाही म्हणून तिथं इंजिनिअर बसवणं म्हणजे कोऱ्या जागी आपल्याला हवं ते नाव लिहिणं.

आणि सर्वांत बोलका पुरावा तर अवयवांत नाहीच, जनुकांत आहे. बोकड, कुत्रा, मांजर आपलं क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. आपल्याला आवळा-लिंबू खावं लागतं, कारण ते तयार करण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. जनुक गायब नाही, मोडक्या अवस्थेत आठव्या गुणसूत्रावर पडून आहे. चिंपांझीत आणि इतर माकडांतही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोड आपल्याशी जुळते. गिनीपिगमध्येही मोडलेलं आहे, पण निराळ्या तऱ्हेनं. नवा कोरा आराखडा काढणाऱ्यानं दोन जवळच्या जातींत एकसारखी मोडकी वस्तू का ठेवावी, याचं उत्तर मला आजवर कुठल्याही स्लाइडवर दिसलेलं नाही.

"मग बाई, तुम्ही देव मानत नाही?" हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. मी उत्क्रांती शिकवत होते तेव्हाही बसायचा. ज्यांना आस्तिक दर्शनं म्हणतात त्या सहांत सांख्य आणि पूर्वमीमांसा आहेत, आणि त्यांना जगाचा निर्माता लागत नाही. आपल्या संतांनी नरदेह दुर्लभ म्हटला, त्याला परमार्थाचं साधन म्हटलं, त्याच दमात तो नाशवंतही म्हटला. आतड्यांच्या जोडणीवरून पांडुरंग सिद्ध करत बसण्याची त्यांना सहसा गरज पडली नाही. अण्णा आवाज गेला तेव्हाही एकादशीला टाळ घेऊन बसायचे, आणि महाधमनीचा वळसा मी त्यांना कागदावर काढून दाखवल्यावरही बसतात. पुराव्यावर टेकवलेली श्रद्धा मात्र नव्या शोधानं डगमगते, आणि मग तिला सावरायला शोधच नाकारावा लागतो.

तसं नाकारणं सुरूही झालेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिलं. २०२३ मध्ये सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' झाली. कारण भार कमी करण्याचं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा आहे, असं उत्तर मिळतं. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण? जो मुलगा पुढे सीए होणार, वकील होणार, नगरसेवक होणार, त्याला उत्क्रांती भेटायची शेवटची जागा दहावी हीच होती.

आपल्या राज्य मंडळानं हा धडा ठेवला आहे, याचं श्रेय द्यायलाच हवं. विज्ञान भाग दोनचा तो पहिलाच धडा. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ सगळं त्यात आहे. त्यामुळे आज अशी गंमत झाली आहे की नौपाड्यातल्या मराठी शाळेतली मुलगी माणूस कुठून आला हे वाचते आणि घोडबंदर रोडवरच्या सीबीएसई शाळेत वर्षाला लाखांनी फी भरणाऱ्याच्या पुस्तकातून ते काढलं जातं.

पण पहिला धडा असण्याचा तोटाही आहे. तो जूनमध्ये येतो, जेव्हा निम्म्या वर्गाकडे पुस्तकं नसतात, बाकीचे क्लासची वेळ बसवण्यात गुंतलेले असतात आणि सर धडा उरकून "मानवी उत्क्रांतीचे टप्पे लिहा" एवढं वहीत उतरवून देतात. माझं शिक्षकांना सुचवणं आहे की हा धडा दिवाळीनंतर एकदा पुन्हा काढा. एक तास आंधळ्या बिंदूला द्या, त्याला कागद आणि पेन्सिल पुरते. दुसऱ्या तासाला मटणवाल्याकडून बोकडाचा गळा आणा, अखंड श्वासनलिकेसकट, साफ न करता. खालून वर येणारा तो पांढरा दोरा श्वासनलिकेच्या कडेला चिमट्यानं मोकळा करता येतो. मुलांना विचारा, हा खालून का येतोय. काही पालक हरकत घेतील, विशेषतः ज्या सोसायट्यांत भाड्यानं घर देताना आधी जेवणाची चौकशी होते तिथले. त्यांच्या मुलांना फळ्यावरची आकृती चालेल.